हसतखेळत परभाषा : कळवणच्या संदर्भात एक परीक्षण

बालकांना परभाषा व परसंस्कृती हसतखेळत शिकवावी, हे मत आता वादाच्या पलीकडे गेले आहे. शिक्षक-प्रशिक्षणाच्या पुस्तिका, शासकीय परिपत्रके, बालवाड्यांच्या जाहिराती आणि पालकसभा या सर्वांत ते एकाच सुरात उच्चारले जाते. एखादे मत सर्वमान्य झाले की त्याचे परीक्षण थांबते. आणि परीक्षण थांबले की त्याच्या पोटातील परस्परभिन्न कल्पनांची सरमिसळ कोणाच्या लक्षात येत नाही. गाणे म्हणवून घेणे, टाळ्या वाजवणे, रंगीत चित्रे दाखवणे, स्पर्धा लावणे, परदेशी पोशाख घालून मिरवणे, हे सारे सध्या ‘खेळ’ या एकाच नावाखाली मोडते. यांपैकी कोणत्या कृतीने भाषा येते आणि कोणत्या कृतीने केवळ तास आनंदात जातो, हा भेद करणे अशक्य नाही. परंतु तो करण्याची निकड कोणास वाटत नाही, असे दिसते.

या भेदाची पारख करण्यास नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुका हे मोठे उपयुक्त क्षेत्र आहे. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार पेठ, सुरगाणा व कळवण हे तीन तालुके संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. कळवणच्या पश्चिमेकडील डोंगराळ गावांत कोकणा व भिल्ल समाजाची वस्ती मोठी आहे. पूर्वेकडे बागलाण व देवळ्याच्या बाजूस अहिराणीचा वावर आहे. कोकणा समाजाची कोकणी ही गोव्याच्या कोकणीहून वेगळी असून गुजराती, अहिराणी व मराठी या तिन्हींशी नाते सांगणारी बोली आहे. नामसाम्यामुळे होणारा घोटाळा येथे टाळला पाहिजे. ग्रिअर्सनने १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात खानदेशीची मांडणी मराठीबरोबर न करता भिल्ली बोलींच्या शेजारी केली, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याचे वर्गीकरण मान्य करावे की न करावे हा स्वतंत्र प्रश्न आहे. परंतु ज्या बोलींविषयी भाषाशास्त्रज्ञालाही वर्गीकरण करताना थबकावे लागले, त्या बोली घेऊन येणारे मूल शाळेत पाऊल टाकताच ‘मराठी भाषक’ म्हणून नोंदले जाते, ही गोष्ट लहान नाही.

यातून ‘परभाषा’ या शब्दाचा अर्थच बदलतो. पुण्यामुंबईच्या पालकास परभाषा म्हटले की जर्मन, फ्रेंच, जपानी यांची आठवण होते. कळवणच्या पश्चिम भागातील एखाद्या पाड्यावरच्या मुलाची पहिली परभाषा ही प्रमाण मराठी होय. दुसरी इंग्रजी, महाराष्ट्रात २००० सालापासून ती पहिल्या इयत्तेपासून शिकवली जाते. पाचवीत तिसरी, म्हणजे हिंदी, येते. ही तिसरी भाषा पहिल्या इयत्तेपर्यंत खाली आणण्याचा निर्णय एप्रिल २०२५ मध्ये निघाला, जूनमध्ये तो सुधारला गेला आणि २९ जून २०२५ रोजी दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले. त्या वेळी झालेल्या उलटसुलट चर्चेत भाषांची संख्या, क्रम आणि अस्मिता यांवर पुष्कळ बोलले गेले. मुलाच्या घरच्या भाषेला त्या गणनेत कोठे स्थान आहे, हा प्रश्न मात्र दोन्ही पक्षांनी बहुधा गृहीतच धरला. घरची भाषा म्हणजे मराठी, असे समजूनच पहिली, दुसरी व तिसरी असे क्रमांक लावले गेले. कळवणमध्ये ते एकाने चुकतात.

खेळातून भाषा शिकवण्याचा विचार नवा नाही. कोमेनिअसचे सचित्र शब्दपुस्तक १६५८ साली निघाले. हॅरल्ड पामरने १९२५ साली कृतीतून इंग्रजी शिकवण्याची पद्धत मांडली, आणि जेम्स ॲशरने १९६० नंतरच्या दशकात आज्ञा व अंगविक्षेप यांवर आधारलेली आपली पद्धत प्रयोगांनिशी पुढे आणली. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीस व पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह बालशिक्षणाचे कार्य केले. या परंपरेचा वारसा शासकीय योजनांनी शब्दरूपाने घेतला आहे. ‘आनंददायी शिक्षण’, ‘ज्ञानरचनावाद’, २०१५ चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम, यांच्या भाषेत आनंदाला कोठेही तोटा नाही. तथापि शब्द उचलताना त्यामागील अट गळून पडली काय, हे पाहणे आवश्यक आहे.

ॲशरच्या पद्धतीचेच उदाहरण घ्यावे. कारण वर्गातील अभिनयगीते तिचीच सोपी आवृत्ती होय, असे प्रशिक्षणात सांगितले जाते. वस्तुतः ती तिची विरुद्ध बाजू आहे. ॲशरच्या पद्धतीत शिक्षक आज्ञा देतो व प्रारंभी स्वतः कृती करून दाखवतो. थोड्याच वेळात तो कृती दाखवणे थांबवतो, आणि मुलाने पूर्वी कधीही न ऐकलेली, परंतु परिचित शब्दांचीच नवी आज्ञा देतो. ‘दाराकडे चाल’ आणि ‘खडू उचल’ या आज्ञा आलेल्या मुलास तो एकदम ‘खडूकडे चाल’ असे म्हणतो. मूल आता शेजाऱ्याकडे पाहून निभावून नेऊ शकत नाही. त्यास ऐकावेच लागते. अभिनयगीतात क्रम ठरलेला असतो, चाल ठरलेली असते, हावभाव शिक्षक शेवटपर्यंत पुढे उभा राहून करीत असतो, आणि चाळीस मुले एकाच वेळी बोलत असतात. अशा गीतातील सर्व शब्द काढून टाकले आणि केवळ ढोलकी ठेवली, तरी वर्ग सर्व कृती बिनचूक करील. ज्या खेळात भाषा वगळूनही खेळ जिंकता येतो, तो भाषेचा खेळ नव्हे. तो शारीरिक शिक्षणाचा एक चांगला प्रकार असेल. मुलांचा आळस जातो, नव्या मुलाची भीती मोडते, यांत वाद नाही. परंतु त्यास परभाषेचे अध्यापन म्हणता येणार नाही.

यावर एक गंभीर प्रत्युत्तर दिले जाते आणि त्याचा परामर्श घेतलाच पाहिजे. मूल भाषा शिकताना प्रथम अखंड तुकडेच उचलते. त्यांचे पदशः पृथक्करण पुढे आपोआप होते. म्हणून आज अर्थ न कळता म्हटलेले गीत उद्याच्या भाषेचे भांडवल ठरते, असा हा युक्तिवाद आहे. त्याच्या पाठीशी लिली वाँग फिलमोर यांचा १९७६ चा प्रबंध उभा करता येतो. कॅलिफोर्नियातील पाच स्पॅनिशभाषक मुलांचा त्यांनी अभ्यास केला, आणि ही मुले अशी तयार वाक्ये प्रथम उचलून नंतर ती फोडतात, असे दाखवून दिले. निष्कर्ष पक्का आहे. परंतु त्याची परिस्थिती विसरली जाते. त्या प्रत्येक मुलास खेळायला एकेक इंग्रजीभाषक सवंगडी होता. उचललेले वाक्य ते मूल लगेच वापरीत होते, आपली पाळी मागण्यासाठी, खेळणे परत घेण्यासाठी, तक्रार करण्यासाठी. वाक्य फुटते ते वापराच्या घर्षणाने. कनाशी किंवा अभोण्याच्या वर्गात म्हटलेले इंग्रजी गीत तास संपल्यावर कोणाशी वापरावयाचे? ते पुढील वर्षीच्या गीताने झाकले जाते, इतकेच. प्रमाण मराठीच्या बाबतीत स्थिती बरी आहे. ती बाजारात, बसमध्ये, दवाखान्यात, भ्रमणध्वनीवर भेटते. म्हणूनच हसतखेळत शिक्षणाचा पहिला हक्क कळवणमध्ये इंग्रजीचा नसून मराठीचा आहे. आणि तेथेच त्याची सर्वांत अधिक उपेक्षा आहे, कारण ती परभाषा आहे हे कोणी मानीतच नाही.

भाषा वगळून जिंकता येणार नाहीत असे खेळ कोणते? त्यांना खर्च लागत नाही. दोन मुले पाठीला पाठ लावून बसतात. दोघांपुढे तीच सामग्री असते : खडा, काडी, पान, चिंचोका, रिकामी डबी. पहिले मूल आपल्या वस्तूंची काही मांडणी करते आणि तोंडाने सांगते. दुसऱ्याने न पाहता तशीच मांडणी करावयाची. शेवटी दोघे वळून पाहतात. मांडणी जुळली तर दोघेही जिंकले. न जुळली तर कोठे चुकले यावर जो वाद होतो, तो साऱ्या तासातील सर्वोत्तम भाषिक व्यवहार असतो. मराठीत ‘पानाखाली’ म्हणताना ‘पान’ या शब्दाचे सामान्यरूप होते आणि स्थळवाचक शब्द मागून येतो. इंग्रजीत ‘अंडर द लीफ’ म्हणताना तो शब्द पुढे येतो आणि नामाचे रूप बदलत नाही. हा भेद व्याकरणाच्या तासाला नियम म्हणून सांगितला तर दहा वर्षांच्या मुलास तो निरर्थक वाटतो. चिंचोका चुकीच्या जागी गेला की तोच भेद त्यास स्वतःच्या हिताचा वाटू लागतो. आपल्याजवळ आहे ते दुसऱ्यास ठाऊक नाही आणि ते सांगितल्यावाचून खेळ पुढे सरकत नाही, ही गरज खेळाच्या रचनेतच असली पाहिजे. ती नसेल तर रंगीत पत्ते, चित्रफिती, बक्षिसे यांनी ती भरून निघत नाही.

या खेळांचीही मर्यादा आहे, आणि त्यांचे पुरस्कर्ते ती सहसा सांगत नाहीत. ‘लीफ अंडर’ असे उलट म्हटले तरी सवंगड्यास कळते, चिंचोका योग्य जागी जातो आणि चूक तशीच राहते. कॅनडात १९६५ पासून इंग्रजीभाषक मुलांना सर्व विषय फ्रेंचमधून शिकवण्याचे प्रयोग झाले. ती मुले फ्रेंच सहज समजू लागली, न घाबरता बोलू लागली; तथापि वर्षानुवर्षांनंतरही त्यांच्या बोलण्यातील व्याकरणदोष टिकून राहिले. मेरिल स्वेन यांनी १९८५ साली यावरून असा निष्कर्ष काढला, की ऐकून समजणे पुरेसे नाही. नेमके बोलण्याची सक्ती शिकणाऱ्यावर आली पाहिजे. सारांश, खेळानंतरची पाच मिनिटे शिक्षकाची आहेत. ती नीट वापरण्यासाठी त्या शिक्षकास दोन्ही भाषांचे रूप उघड दिसले पाहिजे. परभाषेचे व्याकरण तर त्यास आलेच पाहिजे. पण मूल ज्या भाषेतून त्या व्याकरणाकडे येत आहे, तिचेही.

येथे ‘हसतखेळत’ या शब्दातील पहिल्या अर्ध्या भागाकडे वळावे लागते. वर्गात हसू असते हे खरे. परंतु कोण कोणास हसते? अहिराणीत षष्ठीचा प्रत्यय ‘ना, नी’ असा आहे. ‘रामाचा बैल’ याऐवजी मूल ‘रामना बैल’ म्हणते. खानदेशाच्या बऱ्याच भागांत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो; ‘काळा’ याचे ‘काया’ होते, आणि संस्कृतात मुरलेल्या कानास त्याचा भलताच अर्थ लागतो. ही चूक नव्हे, ही एका वेगळ्या व्यवस्थेची सुसंगत रूपे आहेत. ज्या मुलाने ‘रामना बैल’ म्हटले ते ‘रामनी गाय’ही म्हणेल, म्हणजे त्यास प्रत्यय येतो, नियम येतो, लिंगानुसार बदलही येतो. वर्गातील इतर मुले मात्र हसतात. शिक्षक रागावत नाही. तोही सौम्यपणे हसतो आणि शुद्ध रूप सांगतो. वातावरण आनंदाचेच असते. त्या मुलाने मात्र त्या क्षणी एक गोष्ट शिकलेली असते, की तोंड उघडल्याने हसू होते. पुढे ते समूहगीतात सामील होते, कारण समूहात आवाज लपतो. एकट्याने बोलण्याची पाळी आली की गप्प राहते. निरीक्षणपत्रकात त्याची नोंद ‘सहभाग घेतो’ अशी होऊ शकते. आनंददायी वर्गात मूक झालेले हे मूल कोणत्याही प्रगतीपत्रकात सापडत नाही, आणि हसतखेळत पद्धतीवरील सर्वांत मोठा आक्षेप तेच आहे. छडीच्या शाळेत मूल का बोलत नाही हे निदान उघड दिसत होते.

हसण्याची दिशा उलटी करता येते आणि त्यासाठी फार मोठी योजना लागत नाही. शिक्षकाने मुलांच्या बोलीतील वाक्य बोलण्याचा प्रयत्न करावा. तो चुकेल, आणि मुले हसतील. ते हसणे निकोप असते, कारण ते बलवानावर केलेले असते. मुले त्यास दुरुस्त करू लागतात; दुरुस्त करता करता आपल्या भाषेत नियम आहे हे त्यांना प्रथमच दिसते. ‘सर, ना नाही, नी म्हणायचे’ असे सांगणारे मूल व्याकरण सांगत असते. त्यानंतर ‘मग पुस्तकातील मराठीत येथे काय येईल?’ हा प्रश्न विचारण्यास वाट मोकळी होते. दोन व्यवस्था शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि कोणतीही एक दुसरीची बिघडलेली आवृत्ती ठरत नाही. इंग्रजीपर्यंत येईतो असे मूल दोन भाषांची तुलना करण्यास सरावलेले असते. तिसरी त्यास केवळ आणखी एक व्यवस्था वाटते. जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या परस्परावलंबनाच्या सिद्धान्ताचा व्यवहारातील अर्थ याहून फारसा निराळा नाही.

अशी तुलना करण्याची शक्ती मुलांत असते काय, अशी शंका घेणाऱ्याने सप्तशृंग गडावरील चैत्राची यात्रा डोळ्यांपुढे आणावी. गड कळवण तालुक्यातच आहे. खानदेशातून पायी येणारे यात्रेकरू अहिराणी बोलतात, गुजरातेतूनही भाविक येतात, खालच्या गावांतील माणसे आपापल्या बोली घेऊन येतात. अशा ठिकाणी नारळ-प्रसादाच्या दुकानावर बसणाऱ्या मुलास गिऱ्हाईक पाहून भाषा बदलावी लागते. कोणती भाषा कोणाशी, याचा निर्णय त्यास क्षणार्धात घ्यावा लागतो. भाषाशास्त्रात या कौशल्यास नाव आहे. शालेय पत्रकात त्यासाठी रकाना नाही.

संस्कृतीच्या शिक्षणाचा प्रश्न भाषेहून अधिक ढिलाईने हाताळला गेला आहे. पावसाला ‘आता जा, पुन्हा कधी तरी ये’ असे विनवणारे इंग्रजी बालगीत आपल्या मुलांना शिकवणे अयोग्य आहे, हा आक्षेप आता इतक्यांदा घेतला गेला आहे की तोच एक बालगीत होऊन बसला आहे. त्याचे उत्तर म्हणून पाऊस हवा असणारी देशी गीते सुचवली जातात. हा आक्षेप अर्धवट आहे. परक्या संस्कृतीचे गीत परके असणे हा त्याचा दोष नसून तेच त्याचे मोल आहे. दोष आहे तो ते परके आहे हे मुलापासून लपवून ठेवण्यात. ज्या देशात पावसाचा वेगळा ऋतू नाही, जेथे वर्षातील कोणत्याही महिन्यात रिमझिम लागून राहते आणि मुलास अंगणात जाता येत नाही, त्या देशात असे गीत सुचणे साहजिक आहे; आणि जेथे नागली, भात व कांदा यांचे सारे गणित मृगापासून मांडावे लागते, तेथे ते सुचणे अशक्य आहे. ही गोष्ट वर्गात बोलली गेली तर एका लहानशा गीतातून हवामान, शेती आणि भाषा यांचा संबंध उलगडतो. कळवणमध्ये तर ही चर्चा अधिकच रंगेल. पश्चिमेकडील डोंगरातल्या मुलाने दिवसचे दिवस न थांबणारा पाऊस पाहिलेला असतो; पूर्वेकडील मुलाचा अनुभव त्यापेक्षा कोरडा असतो. एकाच वर्गात त्या गीताचे दोन अर्थ लागतील. ‘तुला पाऊस नको असे कधी वाटते?’ हा प्रश्न परसंस्कृतीच्या शिक्षणाचा आरंभ होऊ शकतो. तो न विचारता गीत पाठ करवणे आणि ते परके म्हणून गाळून टाकणे, या दोन्ही कृतींत मुलाच्या बुद्धीवर सारखाच अविश्वास आहे.

जे गीतांचे तेच सणांचे. नाताळात लाल टोप्या घालणे, ‘विविधतेत एकता’ म्हणून प्रांतोप्रांतीचे पोशाख चढवून व्यासपीठावरून चालणे, यांतून दुसऱ्या समाजाचे कपडे कळतात. त्यांचे जगणे कळत नाही. याच न्यायाने आदिवासी मुलांना पाहुण्यांपुढे आदिवासी नृत्य करावयास लावले जाते, तेव्हा त्यांची स्वतःची संस्कृती त्यांनाच पोशाख म्हणून परत केली जाते. मार्गशीर्षात होणारा डोंगऱ्या देवाचा उत्सव किंवा थाळीच्या नादावर रात्ररात्र चालणारे कथागायन यांतून मुले ज्या रीतीने शिकतात ती रीत निराळी आहे. तेथे कोणी मुलास शिकवीत नाही. ते ऐकते, पेंगते, पुन्हा जागे होते, एखाद्या ठिकाणी झील धरते, आणि काही वर्षांनी संपूर्ण कथा त्याच्याजवळ असते. कथेचे पुढे काय होणार हे जाणण्याची ओढ त्यास जागे ठेवते. त्यात हसू आहे, भय आहे, कंटाळाही आहे. आनंददायी शिक्षणाच्या पुस्तिकांत कंटाळ्यास व भयास जागाच नसते. म्हणून त्यांतील कथा मुलांच्या लक्षात राहत नाहीत, असे कोणी म्हटल्यास त्याचे म्हणणे सहज खोडून काढता येणार नाही.

महाराष्ट्रात याहून वेगळे घडलेले आहे आणि तेही साधनसंपन्न शहरी शाळांत नव्हे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गाडीवाट येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत २०१९ साली मुलांनाच विचारण्यात आले की कोणती परदेशी भाषा शिकावयाची. यंत्रमानवांविषयी कुतूहल असणाऱ्या मुलांनी जपानी निवडली आणि दूरस्थ तासांच्या साहाय्याने ती शिकण्यास आरंभ केला. या प्रयोगाचे कौतुक वृत्तपत्रांनी ‘खेड्यातील मुले जपानी बोलतात’ अशा चमत्काराच्या अंगाने केले. त्यातील लक्षात घेण्याची गोष्ट निराळी आहे : भाषा निवडण्याचे कारण मुलांचे स्वतःचे होते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी पाठ्यपुस्तकांत योजलेल्या संकेतचिन्हांची आणि परदेशी वर्गांशी जोडून दिलेल्या संवादांची बरीच वाखाणणी झाली. त्याआधीची पायरी फारशी कोणी उल्लेखिली नाही. मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे पाहून ते कन्नड शिकले आणि पुस्तकांचा मजकूर त्या भाषेत आणला. देशोदेशींच्या मुलांशी बोलण्याचा खेळ त्या पायरीवर उभा होता.

कळवणच्या शिक्षकाने असेच करावे, असे म्हणणे सोपे आहे. त्याच्याकडे बहुधा एकाहून अधिक इयत्ता असतात, बदली ठरलेली असते, माहितीपत्रके भरण्यात दिवस जातो; कोकणी शिकेपर्यंत तो दुसऱ्या तालुक्यात गेलेला असतो. संविधानाच्या ३५०अ या अनुच्छेदाने १९५६ पासून भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचे दायित्व राज्यांवर टाकले आहे. युनेस्कोने १९५३ सालीच आणि नवीन शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये तेच सांगितले. या तरतुदींनी कोकणी किंवा भिल्ली बोलणारा शिक्षक निर्माण होत नाही. शिवाय पालकांची इंग्रजीविषयीची ओढ ही खुळी हौस नव्हे. आदिवासी विकास विभाग मुलांना शहरांतील नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत पाठवतो, एकलव्य निवासी शाळा इंग्रजीतून चालतात, आणि नोकरीच्या वाटा कोणत्या भाषेतून जातात हे पालकांस नीट ठाऊक असते. त्यांना बोलीचे महत्त्व पटवण्यास जाणारा अभ्यासक आपली स्वतःची मुले कोणत्या शाळेत घालतो, हेही ते विचारतात, आणि विचारावेच.

या अडचणींतून मार्ग मोठ्या मुलांच्या हाती आहे. पाचवी-सहावीतील मुलास घरची भाषाही येते आणि शाळेचीही. पहिलीतल्या मुलाशी पाठीला पाठ लावून बसण्यास त्याच्याइतका योग्य गडी नाही. ज्या आश्रमशाळेत वेगवेगळ्या बोलींची मुले एकत्र राहतात, तेथे भाषांची देवघेव रोजचीच असते. विटीदांडूत आउट कोण झाले यावर कोणत्या भाषेत भांडण होते, मध्येच भाषा बदलते ती कोणत्या वाक्याशी, नवे मूल प्रथम कोणता शब्द उचलते, दमदाटीचा की विनवणीचा, याची पद्धतशीर नोंद करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम आहे. वर्गनिरीक्षणाच्या वेळेत यातील काहीच कानी पडत नाही. पाहुण्यांपुढे अभिनयगीत होते, कारण ते दाखवता येते. हा दुसरा खेळ शाळा सुटल्यावर अंगणात आणि रात्री दिवे मालवल्यानंतर खाटांवर चालतो, आणि तो ऐकावयाचा तर मुक्काम करावा लागतो.